घरचा पडदा

दिवेलागणीच्या वेळी आजकाल पुष्कळ मराठी घरांत एक विसंगत दृश्य दिसते. भिंतीवर चाळीस इंचांचा दूरचित्रवाणी संच टांगलेला असतो आणि तो बंद असतो. त्याच खोलीत टेबलावर एक लॅपटॉप उघडलेला असतो, आणि त्याच्या पंधरा इंची पडद्याभोवती घरातली माणसे माना वाकड्या करून, एकमेकांच्या खांद्यांवरून डोकावत चित्रपट पाहात असतात. मोठा पडदा रिकामा आणि लहान पडद्यापुढे दाटी, असा हा उलटा व्यवहार आहे. या दोहोंमध्ये अंतर असते ते फार तर दोन मीटरांचे, आणि ते दूर करायला एक तार पुरते. तथापि ती तार जोडण्याचे धैर्य घरातल्या वडीलधाऱ्यांना होत नाही. ते काम नातवाचे किंवा शेजारच्या मुलाचे, अशी त्यांची समजूत झालेली असते.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील असेच एक घर डोळ्यांपुढे आणावे. घरात आजोबा आणि आजी, दोघेच. नातू नोकरीनिमित्त पुण्याला गेलेला. आजींना एक चित्रपट पुन्हा पाहावयाचा आहे, तो म्हणजे आचार्य अत्रे यांचा १९५३ सालचा ‘श्यामची आई’. भारत सरकारने १९५४ साली चित्रपटांना पारितोषिके देण्यास प्रारंभ केला, त्या पहिल्याच वर्षी उत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक या मराठी चित्रपटाला मिळाले. आईची भूमिका करणाऱ्या वनमालाबाईंचे घराणे ग्वाल्हेर संस्थानातले; तेव्हा या घराला तो चित्रपट अधिकच आपला वाटावा, यात नवल नाही. चित्रपटाची विकत घेतलेली तबकडी घरातच आहे. ती लावण्याचे यंत्र मात्र केव्हाच बिघडले. नातवाच्या जुन्या लॅपटॉपमध्ये तबकडीची खाच आहे. परंतु आजींची दृष्टी अधू झालेली असल्यामुळे त्या लहान पडद्यावर त्यांना श्याम कोणता आणि त्याचा धाकटा भाऊ कोणता हे ओळखू येत नाही.

येथेच पहिला प्रश्न उभा राहतो. ही दोन यंत्रे एकमेकांशी सहज का जुळत नाहीत ? कारण त्यांची कुळे भिन्न आहेत. दूरचित्रवाणी ही रेडिओची धाकटी बहीण. दूरच्या केंद्रावरून येणाऱ्या लहरी झेलणे आणि दाखविणे एवढेच तिचे मूळ काम. आपल्या देशात ती १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीला प्रयोग म्हणून सुरू झाली आणि १९८२ साली रंगीत झाली. संगणक हा हिशेब करणाऱ्या यंत्रांच्या वंशातला. त्याला पडदा मिळाला तो आकडे आणि अक्षरे दाखविण्यासाठी, तेही हातभर अंतरावर बसलेल्या एकाच माणसाला. एकीचा संसार दहा माणसांचा, तर दुसऱ्याचा एकट्याचा. साहजिकच चित्र कसे पाठवावे याविषयी दोघांच्या रीती निरनिराळ्या पडल्या. त्यांना जोडणे म्हणजे नुसती तार खुपसणे नव्हे, तर दोन घराण्यांमध्ये काही गोष्टींचा करार घडवून आणणे होय. आणि बहुतेक वेळा जो बिघाड वाटतो, तो बिघाड नसून न झालेला करार असतो.

प्रथम तारेचा विचार करू. लॅपटॉपच्या कडेला पंधरा छिद्रांची, बहुधा निळ्या रंगाची खाच दिसली, तर ती व्ही.जी.ए. असे समजावे. आय.बी.एम. कंपनीने १९८७ साली ही पद्धत आणली. तिच्यातून चित्र जाते, आवाज जात नाही. आवाजासाठी दुसरी, कानयंत्राच्या खाचेतून निघणारी तार लागते. चपटी, खालच्या बाजूला किंचित निमुळती अशी खाच दिसली, तर ती एच.डी.एम.आय. होय. सोनी, फिलिप्स, हिताची, तोशिबा इत्यादी कंपन्यांनी मिळून २००२ साली ही पद्धत ठरविली. हिच्या एकाच तारेतून चित्र आणि आवाज दोन्ही, आकड्यांच्या रूपाने जातात. खाचेचा आकारच असा आहे की टोक उलटे बसत नाही. म्हणून ते न बसल्यास जोर करू नये, फिरवून पाहावे. अगदी नव्या लॅपटॉपला पुष्कळदा केवळ यू.एस.बी.-सी नावाची लहान, लंबगोल खाच असते. तिच्यातूनही चित्र नेता येते. परंतु प्रत्येक यू.एस.बी.-सी खाचेत ही सोय असतेच असे नाही. तेव्हा जोडणी विकत घेण्यापूर्वी लॅपटॉपची माहितीपुस्तिका पाहून घ्यावी.

ज्यांच्या घरी अद्याप काचेच्या नळीचा जुना, पोट पुढे आलेला संच आहे, त्यांनीही निराश होऊ नये. त्या संचाला पिवळे, तांबडे आणि पांढरे अशी तीन भोके असतात : पिवळे चित्रासाठी, उरलेली दोन आवाजासाठी. एच.डी.एम.आय.मधून निघालेली खूण या तीन तारांत उतरविणारी एक डबी बाजारात मिळते. मात्र ती घेताना एक सावधगिरी अवश्य बाळगावी. अगदी तशीच दिसणारी, परंतु उलट काम करणारी दुसरी डबी असते. ती तीन तारांची खूण एच.डी.एम.आय.मध्ये चढविते. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि त्यांवरील अक्षरांचा केवळ क्रम बदललेला असतो. चुकीची डबी घरी आणली म्हणजे माणूस आधी संचाला, मग लॅपटॉपला आणि शेवटी स्वतःच्या वयाला दोष देत बसतो. ‘लॅपटॉपमधून बाहेर, संचात आत’ ही दिशा दुकानदाराला स्पष्ट शब्दांत सांगावी.

आमच्या कथेतील आजोबांच्या नशिबाने दोन्हीकडे एच.डी.एम.आय. होती. त्यांनी दोन मीटरांची तार आणली, दोन्ही टोके बसविली आणि संच लावला. पडद्यावर निळा रंग, आणि त्यावर ‘सिग्नल नाही’ अशा अर्थाची दोन शब्दांची पाटी ! त्यांनी तार काढून पुन्हा बसविली. पाटी हलेना. अखेर त्यांनी पुण्याला फोन लावला.

“आजोबा, तार कितव्या खाचेत घातली आहे ?” नातवाने विचारले.

“खाचा दोन आहेत. मी दुसरीत घातली.”

“मग रिमोटवर सोर्स किंवा इनपुट असे बटण असेल, ते दाबा, आणि यादीतून एच.डी.एम.आय. दोन निवडा.”

हा पहिला करार, दरवाज्याचा. संचाला अनेक दरवाजे असतात : एक डिशच्या पेटीसाठी, एक तारेसाठी, एक पेनड्राइव्हसाठी. पाहुणा मागच्या दाराने आला आणि यजमान पुढच्या दारात उभा राहिला, तर भेट होणार कशी ? कोणत्या दाराशी थांबावयाचे हे संचाला रिमोटवरून सांगावे लागते. तसेच चित्र कोणकोणत्या पडद्यांवर दाखवावयाचे हे लॅपटॉपलाही सांगावे लागते. विंडोज प्रणालीत खिडकीचे चिन्ह असलेली कळ दाबून धरून ‘पी’ची कळ दाबली, की चार पर्याय पुढे येतात : फक्त लॅपटॉपवर, दोन्हींवर सारखेच, दोन्ही मिळून एक लांब पडदा, आणि फक्त दुसऱ्या पडद्यावर. चित्रपटासाठी दुसरा किंवा चौथा पर्याय योग्य. तिसरा निवडला, तर संचावर मोकळे मैदान दिसते आणि चित्रपट लॅपटॉपवरच राहतो. पुष्कळ माणसे येथेच हात टेकतात.

चित्र आले. तबकडी फिरू लागली. पण घरात शांतता !

“अहो,” आजी म्हणाल्या, “श्यामची आई बोलतच नाही. ओठ तेवढे हलताहेत.”

हा दुसरा करार, आवाजाचा. लॅपटॉपला स्वतःचे ध्वनिक्षेपक असतात आणि आवाज तेथूनच काढण्याची त्याची सवय सहजासहजी सुटत नाही. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात कर्ण्याचे लहान चिन्ह असते. तेथून आवाज कोणत्या यंत्रावर जावा याची यादी उघडता येते. तीत संचाचे नाव निवडले, की आवाज संचातून येऊ लागतो. आजोबांनी तसे केले आणि खोली आवाजाने भरली. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. संच चित्रावर काही संस्कार करून मग ते दाखवितो, आणि त्यात क्षणाचा काही अंश जातो. आवाज वेगळ्या ध्वनिक्षेपकातून घेतला असेल, तर तो ओठांच्या आधी ऐकू येतो. व्ही.एल.सी. नावाचा एक विनामूल्य चित्रवादक आहे. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी विद्यालयातील विद्यार्थ्यांच्या उद्योगातून तो जन्मला आणि २००१ साली सर्वांसाठी खुला झाला. संगणकावर चित्रपट चालू असता त्यात ‘जे’ आणि ‘के’ या कळांनी आवाज किंचित मागेपुढे सरकविता येतो. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत तबकडीवरील चित्रपट लावण्याची सोय मुळातच दिलेली नसते. तीही उणीव हा वादक भरून काढतो.

तिसरा करार आकाराचा. ‘श्यामची आई’च्या काळचे चित्रपट जवळजवळ चौकोनी असत : रुंदी चार, तर उंची तीन. आजचा संच रुंदट आहे : रुंदी सोळा, तर उंची नऊ. साहजिकच जुने चित्र मध्ये बसते आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे उरतात. ‘पैसे चाळीस इंचांचे दिले आणि दिसते एवढेच !’ असे म्हणून पुष्कळ लोक रिमोटवरून चित्र ओढून रुंद करतात. मग सडपातळ श्याम लठ्ठ होतो आणि चंद्र लंबगोल होतो. ते काळे पट्टे म्हणजे दोष नव्हे, तर दिग्दर्शकाने घातलेल्या चौकटीचा मान राखण्याची ती रीत आहे. याउलट काही संचांत चित्राच्या कडा कापल्या जातात. काचेच्या नळीच्या काळी कडा स्वच्छ दिसत नसत, म्हणून चित्र थोडे मोठे करून कडा झाकण्याची प्रथा पडली. सपाट पडद्याला तिची गरज नाही; तथापि जुनी सवय यंत्रांतही टिकून राहते. संचाच्या चित्रविषयक यादीत ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ अशा नावाचा पर्याय सापडला, तर तो निवडावा. म्हणजे संपूर्ण चित्र दिसते.

याच करारात काळ्या-पांढऱ्याची बाब मोडते. दूरचित्रवाणीच्या परंपरेत पूर्ण काळा म्हणजे १६ आणि पूर्ण पांढरा म्हणजे २३५ असे आकडे धरतात. संगणकाच्या परंपरेत हेच आकडे ० आणि २५५ असतात. दोघांची गल्लत झाली, तर काळा रंग राखेसारखा दिसतो, किंवा रात्रीच्या दृश्यांतील सर्व बारकावे काळोखात बुडतात. रंगीत चित्रपटात ही चूक खपून जाते; कृष्णधवल चित्रपटात ती प्राणावर बेतते, कारण तेथे छायाप्रकाश हेच सर्वस्व असते. संचात किंवा लॅपटॉपमध्ये या मर्यादा ‘लिमिटेड’ व ‘फुल’ या नावांनी आढळतात. दोन्हीकडे एकच नाव असावे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

चौथा करार वेगाचा. बोलपट आल्यापासून चित्रपट सेकंदाला २४ चित्रे या गतीने घेतला जातो. आपल्याकडील दूरचित्रवाणी मात्र सेकंदाला २५ पूर्ण चित्रांची. म्हणून येथील पद्धतीच्या तबकड्यांवर चित्रपट पुष्कळदा किंचित वेगाने चालतो. अडीच तासांचा खेळ सहा मिनिटे आधीच संपतो. आता लॅपटॉप बहुधा सेकंदाला ६० चित्रे पाठवितो. साठाला पंचविसाने किंवा चोविसाने नि:शेष भाग जात नाही. त्यामुळे काही चित्रे दोनदा, तर काही तीनदा दाखवावी लागतात, आणि कॅमेरा आडवा फिरू लागला म्हणजे दृश्य गचके खाल्ल्यासारखे दिसते. लॅपटॉपच्या पडदाविषयक यादीत ही गती बदलता येते. अशा तबकडीसाठी ५०, आणि २४ चित्रांच्या चित्रपटासाठी, संचात सोय असल्यास, २४ ठेवावी. शिवाय नवे संच स्वतःच्या बुद्धीने मधली चित्रे रचून हालचाल गुळगुळीत करतात. खेळाच्या सामन्यात ते शोभते, पण चित्रपट त्यामुळे रोजच्या मालिकेसारखा दिसू लागतो. ती सोय बंद करावी. २०१९ साली काही चित्रपटकार व संच बनविणाऱ्या कंपन्या यांनी मिळून ‘फिल्ममेकर मोड’ या नावाची एक मांडणी जाहीर केली. ज्या संचात ती असेल, तेथे हे सारे संस्कार एका बटणाने दूर होतात.

पाचवा आणि शेवटचा करार परवानगीचा. पैसे भरून इंटरनेटवरून पाहावयाचे पुष्कळसे चित्रपट कुलूप लावून पाठविले जातात. या कुलुपाची एच.डी.सी.पी. नावाची पद्धत इंटेल कंपनीने तयार केली. लॅपटॉप, मधली डबी आणि संच या तिघांनीही ते कुलूप ओळखले पाहिजे. एकानेही न ओळखल्यास पडदा काळा पडतो किंवा चित्र हलक्या प्रतीचे येते. तार बदलून, मधली डबी काढून पाहिल्यास अडचण कोठे आहे ते कळते. ही झाली यंत्राची परवानगी. माणसाची परवानगी याहून महत्त्वाची आहे. आपल्या १९५७च्या प्रतिमुद्राधिकार कायद्यान्वये चित्रपटावरील हक्क तो प्रसिद्ध झाला त्या वर्षानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे नवा मराठी चित्रपट फुकट उतरवून घेणे ही, कितीही लहान पडद्यावर केली तरी, चोरीच होय. मराठी चित्रपट परगावी फारसे पोहोचत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्याने तर आपले तिकिटाचे पैसे निर्मात्यापर्यंत पोहोचतील, अशी काळजी अधिकच घेतली पाहिजे.

तारेशिवायही चित्र पाठविता येते. २०१२ साली आलेल्या मिराकास्ट पद्धतीने लॅपटॉप आणि संच हवेतून जोडले जातात. विंडोजमध्ये खिडकीच्या कळेबरोबर ‘के’ दाबले, की जवळच्या संचांची यादी येते. छायाचित्रे दाखवावयाची असतील, तर ही सोय उत्तम. तथापि अडीच तासांच्या चित्रपटाला तार अधिक विश्वासू, कारण भिंती, शेजाऱ्यांची यंत्रे आणि अंतर यांचा तिला उपद्रव होत नाही. तार दोन-तीन मीटरांहून लांब घेऊ नये, आणि ती चालण्याच्या वाटेत लोंबकळत ठेवू नये. लॅपटॉप विजेला जोडलेला असावा, नाही तर ऐन प्रसंगी तो झोपी जाईल. त्याचे झाकणही मिटू नये, कारण झाकण मिटले की झोपावे, अशीच त्याला बहुधा शिकवण असते. दोन्ही यंत्रांना एकाच बोर्डावरून, जमिनीची जोडणी असलेल्या तीन छिद्रांच्या सॉकेटमधून वीज द्यावी, हे सर्वांत सुरक्षित.

कोणी म्हणेल, नव्या संचांत इंटरनेट आतच असते. मग हा खटाटोप कशाला? ते खरे आहे, पण पुरते खरे नाही. घरातल्या जुन्या तबकड्या, लग्नामुंजीची चित्रणे, परगावच्या नातेवाइकांनी पेनड्राइव्हवर दिलेले नाट्यप्रयोग, यांतील पुष्कळ गोष्टी संचाला उलगडत नाहीत, संगणकाला उलगडतात. शिवाय चांगला चालणारा जुना संच केवळ एवढ्यासाठी टाकून देणे हे काटकसरी गृहस्थाला शोभणारे नव्हे.

परंतु याहून मोठी गोष्ट निराळी आहे. महाराष्ट्राबाहेरच्या ज्या गावांत मराठी पिढ्यान्पिढ्या घरापुरती उरली आहे, तेथे घरचा पडदा हेच मराठीचे चित्रपटगृह असते. लहान पडद्यावर प्रत्येकजण आपापले, आपापल्या कानात ऐकतो. मोठ्या पडद्यापुढे मात्र आजी आणि नात एकाच वेळी हसतात, आणि न समजलेला शब्द नात तेथेच विचारते. भाषा अशाच वेळी एका पिढीतून दुसरीत जाते. ही बैठक घडणे किंवा न घडणे जर एका तारेवर अवलंबून असेल, तर ती तार जोडण्याची विद्या घरातल्या एकाच तरुणापाशी असून भागणार नाही. तो गावाला गेला, की मोठा पडदा पुन्हा आंधळा होतो.

लष्करातील त्या घरी चित्रपट रात्री साडेनऊला संपला. शेजारच्या घरातली दोन मुले मध्येच येऊन बसली होती. त्यांतील धाकटीने ‘मुकी फुले’ म्हणजे काय असे आजींना विचारले, आणि आजींनी तिला अंगणातल्या जास्वंदीच्या न उमललेल्या कळीची गोष्ट सांगितली. आजोबांनी मात्र तेवढ्यात एक कोरा कागद घेतला. त्यावर त्यांनी मोठ्या अक्षरांत पाच ओळी लिहिल्या : दरवाजा, आवाज, आकार, वेग, परवानगी, आणि प्रत्येकीपुढे कोणते बटण दाबावे ते मराठीत नोंदविले. कागद संचाच्या मागल्या बाजूस चिकटवून ते आजींना म्हणाले, “उद्या तुम्ही लावायचा. मी नुसता बसून पाहणार आहे.”